लॉक बांधलेली लिफ्ट दिसली, तर सही नाही

महाराष्ट्रातल्या मोटार डीलरशिपचे मालक, संचालक आणि वर्क्स मॅनेजर यांना हा जाहीर इशारा आहे. वर्कशॉपमध्ये गाड्या उचलणाऱ्या लिफ्ट तपासून त्यांच्या दाखल्यावर सही करणं हे माझं काम. कायदा माझ्यासारख्याला 'सक्षम व्यक्ती' म्हणतो. येत्या खंडेनवमीपर्यंत तुमच्याकडची प्रत्येक लिफ्ट, वर गाडी असताना, तिच्या यांत्रिक लॉकवर उभी राहिलेली मला दिसली पाहिजे. दिसली नाही तर माझी सही मिळणार नाही, आणि सही का नाकारली याचं पत्र त्याच दिवशी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाईल.

ही विनंती समजू नका. विनंत्या वर्षानुवर्षं अहवालातल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहून झाल्या. लॉकची तार काढावी. पॅड बदलावेत. अँकर बोल्ट तपासावेत. पुढच्या वर्षी जावं तर तीच तार, तेच पॅड. खाली काम करणारा पोरगा तेवढा नवा असतो.

मुदत खंडेनवमीची दिली, त्याला कारण आहे. त्या दिवशी तुम्ही वर्कशॉप धुऊन काढता, लिफ्टच्या खांबांना झेंडूचे हार घालता, कॉम्प्रेसरला हळदकुंकू लावता, पान्यांची पूजा करता. तुमच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दसरा-दिवाळीचा हंगाम सुरू होतो. शोरूममधून गाड्यांची रांग बाहेर पडते, वर्कशॉपमध्ये लांबच्या प्रवासाआधीच्या सर्व्हिसिंगची गर्दी होते, ठेकेदाराकडून चार जादा हेल्पर येतात, आणि त्यांतल्या दोघांनी लिफ्ट कधी चालवलेलीही नसते. माणूस मरायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या महिन्यात एकत्र येतात. म्हणून जे करायचं ते त्याच्या आधी.

लिफ्टबद्दल नीट सांगतो, कारण केबिनमध्ये बसणाऱ्या पुष्कळांना ती कशी चालते हे ठाऊक नसतं. टू-पोस्ट लिफ्टमध्ये दोन खांब असतात. त्यांच्या आत वर सरकणारे दोन गाडे आणि त्यांना जोडलेले चार हात. तेलाच्या दाबानं गाडे वर जातात, तेव्हा आतून टक, टक, टक असा आवाज येतो. हा आवाज खटक्याचा, म्हणजेच यांत्रिक लॉकचा. ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत खटका पडत जातो. गाडी हव्या त्या उंचीवर गेली की ती किंचित खाली घ्यायची, म्हणजे दोन्ही बाजूंचा भार खटक्यांवर येऊन बसतो. त्यानंतर तेलाचा पाइप फुटला, सील गेलं, वायररोप तुटला, तरी गाडी जागची हलत नाही. गाडी उतरवताना मात्र ती आधी इंचभर वर घ्यावी लागते, खटका ओढून सोडवावा लागतो आणि मग खाली आणावी लागते.

ही इंचभराची उचल वाचवण्यासाठी खटका बांधून ठेवतात. बाइंडिंग वायरनं बांधलेले खटके मी पाहिले आहेत, प्लास्टिकच्या टायनं बांधलेले पाहिले आहेत, जुन्या क्लच केबलनं बांधलेलेही. एका ठिकाणी तो वेल्डिंग करून कायमचा उघडा ठेवला होता. अशा लिफ्टवर गाडी उभी असते ती फक्त तेलाच्या दाबावर. लहान हॅचबॅक असली तरी सात-आठशे किलोच्या पुढे, मोठी एसयूव्ही असली तर दोन टनांच्या आसपास, आणि खाली उभा असलेला मुलगा मान वर करून ऑइलचा नट सोडवत असतो.

अशा एका अपघातानंतर मला लिफ्ट तपासायला बोलावलं होतं. डीलरशिपचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे. मी पोचलो तेव्हा गाडीखाली सापडलेल्या मुलाला रुग्णालयात हलवलं होतं. फरशीवर सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकलेला होता, त्यात त्याची एक चप्पल होती. सेफ्टी शूज त्याला दिलेच नव्हते. तेलाचा पाइप जोडाजवळ फुटला होता, आणि खटका ज्या तारेनं बांधला होता ती तार अजून जागेवर होती. पंचनाम्यात तिची नोंद झाली : 'लोखंडी तार, अंदाजे नऊ इंच'. वर्क्स मॅनेजरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "सर, सर्टिफिकेटची मुदत कधीपर्यंत आहे?" मुलाच्या कमरेचं हाड मोडलं होतं. तो जगला. मेकॅनिक म्हणून आता उभा राहू शकत नाही.

तारेइतकंच हातांकडे आणि पॅडकडे पाहा. गाडीच्या उंबऱ्याखाली कंपनीनं उचलण्याच्या जागा नेमून दिलेल्या असतात, त्याच जागी पॅड बसला पाहिजे. रबर झिजून लोखंड उघडं पडलं की कुणीतरी जुन्या टायरचा तुकडा घालतं, कुणी लाकडाचा ठोकळा. गाडी वर जाते, तुकडा सरकतो. हात आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी दातेरी लॉक असतात. ते दाते झिजलेले असतील तर गाडीखालचा हात गाडीसकट फिरतो. आणि इंजिन-गिअरबॉक्स उतरवायचं असेल तर वजन मागे सरकतं, नाक वर येतं, गाडी मागच्या बाजूला कलंडते. अशा कामाला मागून उंच स्टँडचा आधार द्यावाच लागतो. हे प्रत्येक लिफ्टच्या पुस्तिकेत चित्र काढून दिलेलं असतं. पुस्तिका कुठे आहे, असं मी विचारतो. बहुतेक ठिकाणी ती परचेस विभागाच्या फायलीत बिलाला टाचलेली सापडते.

आणखी एक. वर्कशॉप चकचकीत दिसावं म्हणून जमिनीवर फरशा बसवता, आणि लिफ्टचे खांब फरशीवरच बोल्टनं आवळता. खांबाचे बोल्ट खालच्या काँक्रीटमध्ये रुतलेले हवेत. लिफ्ट बनवणारा किती जाडीचं काँक्रीट हवं ते लिहून देतो. फरशीखाली काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल तर ती लिफ्ट मी चालू ठेवू देणार नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २९ नं उचल-यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून निदान एकदा कसून तपासणी सक्तीची केली. त्यात शब्द 'कसून तपासणी' असा आहे. 'कागद पाहून खात्री' असा नाही. तरीही मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला जातो, रजिस्टर पुढे सरकवलं जातं, आणि सांगितलं जातं की सगळ्या लिफ्टवर गाड्या लागल्यात, रिकामी करता येणार नाही. अशा टेबलावर सही करणारे माझ्या व्यवसायात आहेत. त्यांनाही हा इशारा आहे. तुमच्या सहीनंतर जो मरेल त्याच्या केसमध्ये मला साक्षीला बोलावलं तर मी येईन, आणि ती लिफ्ट तुम्ही पाहिलीच नव्हती हे कशावरून कळतं तेही सांगेन.

हे सगळं का होतं, याचं उत्तर जॉब कार्डवर आहे. सकाळी साडेनऊला सर्व्हिस अॅडव्हायझर ग्राहकाला 'पाच वाजता गाडी तयार' असं सांगतो. दुपारी सुटा भाग येत नाही, चार वाजता येतो, आणि उरलेल्या तासात अडीच तासांचं काम मेकॅनिकच्या अंगावर पडतं. त्याचा इन्सेंटिव्ह गाड्यांच्या संख्येवर. अॅडव्हायझरचा इन्सेंटिव्ह ग्राहकाच्या गुणांवर. दहापैकी नऊ पडले तरी जाब द्यावा लागतो. फ्लोअर इन्चार्जला महिन्याचं टार्गेट. या साखळीत एकही कडी अशी नाही की जिला थांबल्याबद्दल पैसे मिळतात. लॉक लावल्याबद्दल कुणाचा पगार वाढत नाही आणि लॉक बांधल्याबद्दल कुणाचा कापला जात नाही. मेकॅनिक बेफिकीर आहेत, सांगून ऐकत नाहीत, असं तुम्ही मला ऐकवता. मी ते मान्य करत नाही. तुम्ही ज्याचे पैसे देता तेच ते करतात.

बॉडीशॉपमध्ये मरण सावकाश येतं, म्हणून तिथली ओरड होत नाही. डेंटिंग झालं, पुट्टी घासली, प्रायमर मारला, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट. त्या क्लिअर कोटमध्ये जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली जो वायू सुटला तो याच कुळातला. हा तो वायू नव्हे आणि एका फवाऱ्यात कुणी पडत नाही. पण फुप्फुसाला एकदा त्याची अॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही दम्याचा झटका येतो. वास येईल तेव्हा सावध होऊ, असं म्हणण्याची सोय नाही. घातक मात्रेतही त्याचा वास कळत नाही. पेंटर तोंडाला रुमाल बांधतो किंवा बारीक कापडी मास्क लावतो. त्यानं आयसोसायनेट अडत नाही. फवारा मारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा आणि बूथचा ब्लोअर चालू हवा. वीजबिल वाढतं म्हणून ब्लोअर बंद ठेवून, दार अर्धं उघडं टाकून रंग मारताना मी पाहिलं आहे. फिल्टर इतके चोंदलेले की हात लावला तर रंगाची खपली निघते.

तुमच्या पेंटरला आज एक प्रश्न विचारा : खोकला रात्री येतो का, आणि सुटीच्या दिवशी कमी होतो का? होय म्हणाला तर त्याला त्या दिवसापासून बूथमधून बाहेर काढा आणि छातीच्या डॉक्टरकडे पाठवा, पगार न कापता. घरी असताना बरं वाटणं आणि कामावर आल्यावर दम लागणं ही कामातून जडलेल्या दम्याची ओळखीची खूण आहे. सिगारेटचा खोकला म्हणून ती झटकून टाकू नका.

त्याच बॉडीशॉपमध्ये रंग सुकवायचा ओव्हन असतो. महाराष्ट्रात सीएनजीच्या गाड्या किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. भरलेल्या टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाखाली असतो. अशी गाडी ओव्हनमध्ये ढकलण्याआधी टाकीची अवस्था कुणी पाहतं का? दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीची तारीख पाहतं का? जॉब कार्डवर तो रकानाच नाही. गाडी बनवणाऱ्यानं ओव्हनच्या तापमानाबद्दल दिलेल्या सूचना बॉडीशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत लावा. इंग्रजीत लावलेला कागद ऑडिटरसाठी असतो.

पेट्रोलची चूक याहून साधी. मागच्या सीटखालचा फ्युएल पंप काढला की टाकीचं तोंड उघडं पडतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते, गटारीत उतरते. शेजारच्या बेमध्ये ग्राइंडर चालू असतो. सीएनजी उलट वर जातो आणि पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात अडकतो, जिथे जुने दिवे आणि उघडे वायरचे जोड असतात. टाकी उघडायची जागा वेगळी, हवेशीर आणि ठिणगीपासून लांब हवी. बाटलीतून पेट्रोल ओतून पार्ट धुणं आजपासून बंद. बॅटरी चार्जिंगची जागाही अशीच मोकळी हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो.

आता इलेक्ट्रिक गाड्या. त्यांच्यासाठी बहुसंख्य वर्कशॉप तयार नाहीत, आणि गाड्या येऊ लागल्या आहेत. केशरी केबलमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट, काही गाड्यांत आठशेच्या आसपास, असतात, तेही बहुतांशी डीसी. सर्व्हिस प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही. कॅपॅसिटरमध्ये साठा उरतो. पुस्तिकेत सांगितलेली मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून शून्य दिसलं तरच हात घालायचा. हातमोजे १००० व्होल्टचे हवेत, वर चामड्याचे, आणि प्रत्येक वापराआधी हवा भरून पिळून पाहायचे, कारण टाचणीएवढं भोक पुरतं. हे हातमोजे मी अनेक ठिकाणी पाहतो. काचेच्या कपाटात, प्लास्टिकची पिशवी न फोडलेली, शेजारी ऑडिटची तारीख. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि तो पाचला घरी जातो. ती किल्ली ज्या दिवशी ईव्हीच्या मेकॅनिकच्या गळ्यात असेल त्या दिवशी तुम्ही ईव्ही दुरुस्त करता असं मी मानेन.

अपघातात सापडलेली ईव्ही इतर गाड्यांच्या रांगेत रात्रभर उभी करू नका. आतला सेल दुखावला असेल तर काही तासांनी, काही दिवसांनीही आग लागू शकते आणि ती विझवली तरी पुन्हा पेटते. इमारतीपासून आणि दुसऱ्या गाडीपासून पंधरा मीटर मोकळी जागा सोडा. पुणे-मुंबईत इतकी जागा कुठून आणायची, हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला आहे. जागा नसेल तर ती गाडी घेऊ नका.

आग म्हटली की शोरूमवाले हे वर्कशॉपचं प्रकरण समजतात. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादमध्ये इलेक्ट्रिक दुचाकींच्या शोरूमला आग लागली. वर लॉज होता. धूर जिन्यानं वर चढला आणि आठ माणसं मेली. गाडी विकणं किंवा घेणं याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या राजकुमार रोडवरच्या अशाच एका शोरूमला लागलेल्या आगीत वीस वर्षांची कर्मचारी मुलगी आत अडकून मेली. आपल्या शहरांत तळमजल्यावर शोरूम, तळघरात वर्कशॉप आणि वर बिऱ्हाडं अशा इमारती जागोजागी आहेत. मागचं दार आहे, पण त्याच्यासमोर डिस्प्लेची गाडी लावलेली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलै, असं वर्षातून दोनदा अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कागद तुमच्याकडे असतील. पंपाला डिझेल आहे का, एवढं आज बघून या.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या निर्माण विहारमध्ये जे झालं ते साऱ्या देशानं मोबाइलवर पाहिलं. नवी गाडी, पहिला मजला, चाकाखाली लिंबू, आणि ग्राहकानं अॅक्सिलरेटर जास्त दाबल्यावर काच फोडून गाडी खाली रस्त्याकडेला. जीव वाचले. त्यावर लोक हसले, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्या वेळी खाली फुटपाथवर कुणी चालत असतं तर? लिंबू चिरडायचं असेल तर चिरडा. पण गाडी जमिनीवर, समोर मोकळं, स्टीअरिंगवर परवाना असलेला तुमचा माणूस. वरच्या मजल्यावर चालू इंजिनची डिलिव्हरी नाही. आणि यार्डातून गाडी काढायला परवाना नसलेल्या हेल्परला किल्ली देणं बंद करा. रिव्हर्समध्ये मागे कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही.

हवेच्या पाइपनं अंगावरची धूळ उडवणं, एकमेकांच्या अंगावर हवा मारणं ही मस्करी समजली जाते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका दुचाकी सर्व्हिस सेंटरमध्ये अशाच मस्करीत हवेचा नोझल शरीरात घातला गेला आणि चोवीस वर्षांचा तरुण आतडी फाटून मेला. मस्करी करणारा मित्र होता. यापुढे हे करताना जो दिसेल त्याला घरी पाठवा.

आता कायद्याचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. जुना कारखाने अधिनियम गेला, आता निरीक्षक येत नाहीत, आपल्याला काही लागू नाही, अशी समजूत काही मालकांनी करून घेतली आहे. ती सोडा. दुरुस्ती हीसुद्धा उत्पादन प्रक्रियाच, हे कायद्याच्या व्याख्येत आहे. विजेवर चालणाऱ्या जागेत वीस कामगार झाले की तुमचं वर्कशॉप कारखाना ठरतं. मोजताना ठेकेदाराची माणसंही धरली जातात. बारा पगारपत्रकावर आणि दहा ठेकेदाराच्या नावावर, ही वाटणी चालणार नाही. नेमणूकपत्र द्यायचं आहे, ठरावीक वयावरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणी करायची आहे. कर्तव्यात कसूर होऊन कामगार मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद, दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही. त्या दंडातली निदान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल पूर्वी दोन वर्षं होती, आता पाच वर्षांपर्यंत.

अपघात झाला की फ्लोअर इन्चार्जला पुढे करायचं आणि मालकानं बाहेरगावी असायचं, हेही चालणार नाही. कंपनी असेल तर भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती, हा संचालकांपैकीच एक असतो. जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच हे स्पष्ट केलं : व्यवस्थापकाला भोगवटादार दाखवून संचालक मोकळे होत नाहीत.

अपघाताची नोंद रजा म्हणून करू नका. जखमी कामगार अठ्ठेचाळीस तासांत कामावर परतला नाही तर कळवणं बंधनकारक, असा नियम जुन्या कायद्यापासून आहे. मृताच्या घरच्यांना बोलावून, हातात रोकड ठेवून, स्टॅम्पपेपरवर अंगठा घेण्याची जी पद्धत आहे तिला कायद्यात काडीची किंमत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यानंच हक्क सोडून देणारे करार रद्दबातल ठरवले, आणि मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे भरायला लावली. घरच्यांनी हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहितो आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचं नाव ईएसआयमध्ये असलंच पाहिजे. कामावर मृत्यू आला तर त्याच्या पगाराच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम अवलंबितांना दरमहा मिळते. नाव घातलं नसेल तर मालकाला विचारा, लेखी विचारा.

मेकॅनिक आणि हेल्पर मित्रांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे, आणि हे रागानं बोलत नाही. लॉक बांधलेल्या लिफ्टखाली जाऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. आधी स्टँड लावा, मग आत. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क नव्या संहितेनं तुम्हाला दिला आहे. तक्रार तोंडी करू नका. मोबाइलवर लॉकचा फोटो काढा, तारीख घाला, व्हॉट्सअॅपवर इन्चार्जला पाठवा. तो फोटो पुढे तुमच्या उपयोगी पडेल. आयटीआयमधून शिकाऊ म्हणून आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात लिफ्टखाली पाठवणाऱ्या जुन्या उस्तादांनी आपल्या घरचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनो, तुमचे ऑडिटर शोरूमच्या भिंतीचा रंग मोजून घेतात, सोफ्याचं कापड मोजून घेतात, रिसेप्शनवरच्या फुलदाणीची जागा तपासतात. त्यांच्या यादीत 'लिफ्ट लॉकवर उतरवून पाहिली' अशी ओळ घाला आणि ती नापास झाली तर त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह रोखा. तुमच्या नावाच्या पाटीखाली पोरं जायबंदी होत आहेत, तेव्हा डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे असं सांगून तुम्हाला सुटता येणार नाही.

ग्राहकांनो, पाचला गाडी मिळाली नाही तर आवाज चढवू नका. सहाला घ्या.

मुदतीपर्यंत मी काय पाहणार ते आता नेमकं सांगतो. प्रत्येक लिफ्टवर, ती रोज उचलते त्यांतली सगळ्यांत जड गाडी चढवलेली हवी. दोन्ही खटके एकाच वेळी पडल्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. मग दाब सोडून भार खटक्यांवर बसवायचा आणि मी गाडीखाली फिरून पाहीन. पॅड, हातांचे लॉक, वायररोप, पाइप, बोल्ट. लिफ्टवर क्षमतेची आणि तपासणीच्या तारखेची पाटी. ती चालवणाऱ्याचं नाव लिहिलेलं, आणि ज्याचं नाव नाही त्यानं बटणाला हात लावायचा नाही. बूथचा ब्लोअर चालू आणि हवापुरवठ्याचा मुखवटा पेंटरच्या चेहऱ्यावर, कपाटात नव्हे. अर्थिंग तपासल्याचा कागद, वॉशिंगच्या जागी शॉक बसू लागताच वीज तोडणारा ब्रेकर. मागचं दार उघडून दाखवा, मीच उघडून पाहीन.

सगळ्या लिफ्ट एका दिवसात रिकाम्या करता येत नसतील तर आठवड्याला दोन करा, मी तितक्या वेळा येईन. त्यासाठी जादा फी घेणार नाही. एखादा भाग मिळत नसेल तर ती लिफ्ट बंद ठेवा, मेन स्विचला कुलूप घाला, किल्ली माझ्याकडे किंवा सुरक्षा प्रतिनिधीकडे द्या, आणि भाग येईपर्यंत ते कुलूप उघडू नका. अशा लिफ्टबद्दल मी पत्र पाठवणार नाही. बंद लिफ्ट कुणाला मारत नाही.

खंडेनवमीनंतर तीन गोष्टी होतील. माझ्या नापास अहवालाची प्रत संचालनालयाला जाईल. दुसरी प्रत ज्या कंपनीच्या गाड्या तुम्ही विकता तिच्या विभागीय कार्यालयाला. तिसरी प्रत नोटीस बोर्डावर, कामगारांना वाचता येईल अशा मराठीत आणि हिंदीत. ती काढून टाकली तर गेटवर उभं राहून मी त्यांच्या हातात देईन. दुसऱ्या कुणाकडून सही आणलीत तर माझा नापास अहवाल आणि त्यांचा पास अहवाल तारखेसह एकाच पाकिटातून जाईल. फोन करायचा तर तपासणीची वेळ ठरवण्यासाठी करा. ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवण्यासाठी करू नका.